उतारावरचं घर : प्रस्तावना

"आम्हाला लॉजसारखं घर हवंय," असं म्हणत एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. सोबतच्या आजी लगेच मुलाला म्हणाल्या, "अरे, लॉज कशाला? चांगलं घर बांध की!" त्यांच्या डोळ्यांसमोर एसटी स्टँडसमोरचं 'बोर्डिंग-लॉजिंग' होतं : लोखंडी खाट, प्लॅस्टिकची बादली आणि रात्रभर आपटणारं दार. मुलाच्या मोबाइलवरचं लॉज वेगळं होतं. जाडजूड लाकडी तुळया, दगडी धुराडं, मोठ्या काचेपलीकडे बर्फाचा डोंगर. प्लॉट होता महाबळेश्वरच्या बाजूला, जानेवारीत पाहिलेला आणि फेब्रुवारीत घेतलेला. शब्दाचा घोळ मिटल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला, "जागा पावसात कुणी बघितली आहे का?" कुणीच बघितली नव्हती. मीही नाही.

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर. सह्याद्रीच्या उतारावर तीन पिढ्यांना एकत्र राहता येईल असं घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी ते लिहिलं आहे; वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी वाचलं तर आनंदच आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : उतारावर आधी पाण्याची वाट ठरवायची, मग जमिनीचा छेद काढायचा आणि खोल्या सगळ्यांत शेवटी मांडायच्या. बहुतेक घरं याच्या नेमक्या उलट क्रमानं बांधली जातात.

आधी त्या मोबाइलवरच्या लॉजबद्दल. ही शैली आकाराला आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत. विल्यम वेस्ट ड्युरंट यांनी रॅकेट सरोवराकाठी 'कॅम्प पाइन नॉट' उभारायला घेतलं ते १८७० च्या दशकात. एक अवाढव्य इमारत उभी करण्याऐवजी त्यांनी झाडांमध्ये लहान लहान घरं मांडली आणि ती छप्पर असलेल्या वाटांनी जोडली. साल न काढलेले ओंडके आणि जवळपासचा दगड, हेच साहित्य. पुढे १९०३-०४ च्या हिवाळ्यात यलोस्टोनमध्ये रॉबर्ट रीमर या तरुण वास्तुकारानं 'ओल्ड फेथफुल इन' बांधलं. त्याच्या मधल्या दालनाची उंची सुमारे ७६ फूट, आणि त्या दालनात सगळ्यांना जवळ बोलावणारी एक प्रचंड दगडी शेगडी. मूळ लॉजची लक्षणं मला त्यात दिसतात ती अशी : साहित्य तिथलंच, छप्पर तिथल्या हवामानाला पुरून उरणारं, आणि घराच्या मध्यावर सगळ्यांनी एकत्र बसायची एक मोठी खोली.

या शैलीची गंमत १९२७ साली योसेमिटीत उघडलेल्या 'अवानी' हॉटेलात कळते. गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुड यांच्या या इमारतीचे बाहेरचे खांब आणि फळ्या रेडवूडच्या वाटतात. प्रत्यक्षात ते काँक्रीट आहे, खरबरीत फळ्यांच्या साच्यात ओतून लाकडाच्या रंगात रंगवलेलं. लाकूड आगीला घाबरतं, म्हणून ही युक्ती. आपल्याकडच्या बागांत आणि रिसॉर्टांत सिमेंटच्या ओंडक्यांचे कठडे असतात, तपकिरी रंग आणि वर काळ्या रेषांच्या गाठी काढलेले. ते याच घराण्यातले. फरक इतकाच, की अवानीच्या नाटकामागे कारण होतं. आपल्या कठड्यामागे बहुधा कॅटलॉग असतो.

ओंडक्यांची भिंत सह्याद्रीत टिकत नाही. इथं चार महिने ती वाळतच नाही आणि उरलेले आठ महिने वाळवी तिची वाट पाहत असते. मग लॉजमधलं घ्यायचं काय? साहित्य, छप्पर आणि बैठक यांमागचा विचार. तो आपल्याकडे नवा नाही. कोकणातलं चिऱ्याचं घर घ्या : उंच जोतं, पुढे पडवी, मग ओटी, आत माजघर आणि या सगळ्यावर खाली उतरलेलं कौलारू छप्पर. माथेरानमध्ये १८५० नंतर बंगले उभे राहू लागले, त्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवला तो याच पावसाला शरण जाऊन. आजी ज्याला 'चांगलं घर' म्हणत होत्या ते आणि मुलाला हवं असलेलं लॉज, दोन्ही एकाच गोष्टीची नावं होती. त्या बैठकीत मला ते उमगलं नव्हतं.

आता जमीन. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हा आकडा ऐकताना काही वाटत नाही, म्हणून तो घरावर मांडून पाहू. १५० चौरस मीटर छपरावर एका मोसमात सव्वाआठ लाख लिटर पाणी पडतं. २२ ते २३ जुलै २०२१ या चोवीस तासांत तिथं ५९४ मिलिमीटर पाऊस झाला; म्हणजे तेवढ्याच छपरावर एका दिवसात ८९ हजार लिटर, दहा हजारी टँकर नऊ. हे पाणी छपरावरून कुठं जाणार, याचं उत्तर नकाशात नसेल तर ते पाणी स्वतः शोधतं.

आणि खालची जमीन एकजिनसी नसते. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा डोंगर. काळ्या पाषाणाचे थर, त्यांच्यामध्ये कुठं कुठं मऊ लाल पट्टे. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यांवर जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. त्याच्या खाली चिकण मातीचा थर, पाणी अडवणारा. पाणी जांभ्यातून मुरत खाली येतं, चिकण मातीवर थांबतं आणि आडवं वाहत डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. जिथं दोन थर भेटतात ती रेघ डोंगराची सगळ्यांत नाजूक जागा असते. नेमक्या तिथंच हिरवळ दाट असते, गारवा असतो आणि प्लॉट विकणारा सांगतो, "साहेब, इथं बारमाही झरा आहे."

आपल्या भाषेनं हे भूशास्त्र फार पूर्वी नोंदवून ठेवलं आहे. सोंड, माची, पदर, खिंड, घळ, नाळ हे शब्द ट्रेकिंगला जाणाऱ्यांना पाठ असतात. घर बांधणाऱ्यानंही ते पाठ करावेत. सोंड म्हणजे डोंगराचा बाहेर आलेला कणा. तिच्यावरून पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. घळ म्हणजे पाण्याची स्वतःची वाट. उन्हाळ्यात ती कोरडी दिसते म्हणून ती रिकामी आहे असं समजू नये. पदर म्हणजे उतारातला सपाट टप्पा, जिथं वस्ती रुळते. माथ्यावर किल्ले आणि देवळं असतात, राहती घरं सहसा त्याच्या खाली. फ्रँक लॉइड राइट यांनी १९११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये स्वतःचं घर बांधलं आणि त्याला 'टॅलिएसिन' हे वेल्श नाव दिलं, अर्थ 'उजळ कपाळ'. घर टेकडीच्या डोक्यावर ठेवायचं नाही, कपाळावर ठेवायचं, हा त्यांचा आग्रह. आपले पदरावरचे गावकरी हे नाव न ठेवताच करत आले आहेत.

कायद्याचा भाग मी इथं थोडक्यात सांगतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम तर नाहीच. खोदकाम, सपाटीकरण आणि भरावही करता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी (२००१) आणि माथेरान (२००३) हे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहेत आणि त्यांचे निर्बंध वेगळे आहेत. १:५ म्हणजे पाच मीटर पुढे गेलात की एक मीटर वर गेलात. सुमारे अकरा अंश. उभं राहून पाहिलं तर हा उतार अगदी मवाळ वाटतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नये. व्यवहार करण्याआधी समोच्च रेषांचा नकाशा करून घ्यावा, निदान एक मीटरच्या अंतराचा. त्याचा खर्च प्लॉटच्या किमतीपुढे किरकोळ असतो, आणि तो नकाशा पाहून प्लॉट न घेतलेली माणसं मला भेटली आहेत.

समजा उतार कायद्यात बसणारा आहे, १:६. तुम्हाला १४४ चौरस मीटरचं घर हवं आहे. ते १२ बाय १२ चं चौकोनी केलंत, तर घराच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीखालच्या जमिनीत दोन मीटरचा फरक येतो. तेच घर ६ बाय २४ चं करून समोच्च रेषेला समांतर, आडवं ठेवलंत, तर फरक एका मीटरवर येतो. क्षेत्रफळ तेच, खोदकामाची कथा वेगळी. आणि तो एक मीटर म्हणजे सहा पायऱ्या. त्या घराच्या आत आणा : वर ओटी आणि स्वयंपाकघर, सहा पायऱ्या खाली बैठक. बैठकीचं छत आपोआप उंच होतं आणि लॉजचं ते भव्य दालन डोंगर तुम्हाला फुकट देतो. लॉरी बेकर यांनी घरबांधणीचा खर्च कमी करण्याबद्दल लिहिताना साध्या रेखाचित्रांनी हेच दाखवलं होतं. तिरुवनंतपुरमजवळ खडकाळ उतारावर त्यांनी स्वतःचं घर वर्षानुवर्षं थोडं थोडं वाढवत नेलं, त्यात हा विचार राहून पाहता येत होता. जेफ्री बावा यांनी श्रीलंकेत कंडालामाचं हॉटेल कड्याच्या अंगानं जवळपास किलोमीटरभर वळवत नेलं आणि खांबांवर उचललं, डोंगराचं पाणी खालून निघून जावं म्हणून.

याउलट आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे आधी जेसीबी बोलावणं. डोंगर कापायचा, कापलेली माती पुढे ढकलायची, सपाट अंगण करायचं आणि त्यावर शहरातला बंगला ठेवायचा. अर्धं घर कापलेल्या घट्ट जमिनीवर, अर्धं भरावावर. भराव दोन-तीन पावसाळे बसत राहतो आणि मधल्या भिंतीला तिरकी चीर जाते. ही चूक मी केली आहे. माझ्या पहिल्या उतारावरच्या घरामागे दगडी धारक भिंत होती, देखणी, आडव्या दगडांच्या रांगा जुळवलेली. पाणी निघायला छिद्रं ठेवली होती, पण त्यांच्यामागे खडीचा थर घालायचा राहिला आणि मी तो तपासला नाही. माती छिद्रांत बसली, पाणी मागे तुंबलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीनं पोट काढलं. एका वयस्क गवंड्यानं ती पाहून सांगितलं, "साहेब, भिंत माती धरत नसते, पाणी सोडत असते. सोडलं नाही की ती पण जाते." धारक भिंतीवरच्या प्रकरणात आकृत्या पुष्कळ आहेत, त्या सगळ्यांचा सारांश हे वाक्य आहे. कोकणातला सुक्या दगडांचा गडगा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, कारण त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी जातं.

भूकंपाचा विचार सहसा कुणी करत नाही. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला सुमारे ६.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो याच डोंगररांगेत. उतारावर खांबांवर घर उभं केलं की डोंगराकडचे खांब आखूड आणि दरीकडचे लांब होतात. पाहणाऱ्याला भीती लांब खांबांची वाटते. पण धक्क्यात लांब खांब वाकून घेतात. आखूड खांब ताठ असल्यामुळे बहुतेक जोर त्यांच्यावर येतो आणि ते आधी तुटतात. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर पहिल्या बैठकीपासून हवा. नकाशे झाल्यावर सही करायला बोलावलेला इंजिनिअर फक्त लोखंड वाढवू शकतो.

छपराबद्दल एक पेच आधीच सांगून ठेवतो. घाटमाथ्यावर बहुतेक प्लॉट घेतले जातात ते पश्चिमेच्या दृश्यासाठी : दरी, कोकण, सूर्यास्त. आणि पाऊसही पश्चिमेकडूनच येतो, आडवा. जिकडे काच हवी तिकडेच झड. महाबळेश्वरचे लोक पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधत आले आहेत. म्हणजे घराला रेनकोट घालत आले आहेत. आपण तेच कायमच्या बांधणीत आणू शकतो : पश्चिमेला खोल पडवी, चार फूट पुढे आलेल्या वळचणी, आणि काच पडवीच्या आत. सूर्यास्त पडवीत बसून बघावा. छप्पर शक्यतो साधं, दोन पाखी ठेवावं. जितक्या पन्हळी तितक्या गळती, हे कौलं शाकारणारा कुठलाही माणूस सांगेल.

एवढा पाऊस पडूनही याच घरांना मे महिन्यात टँकर लागतो. इथं मला आज्ञापत्र आठवतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी किल्ला बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं. नसेल तर आधी खडक फोडून टाकी-तळी करायला सांगितलं. आणि झरा असला तरी त्या एकावर निर्धास्त राहू नये असंही बजावलं. लॉज बांधणाऱ्यासाठी याहून चांगलं मार्गदर्शन मला मिळालेलं नाही. सव्वाआठ लाख लिटरांतलं एक लाख जरी टाकीत साठवलं तरी उन्हाळा निघतो.

घरातल्या माणसांविषयीचं प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा पुन्हा लिहिलं. सुट्टीच्या घरात लोक खोल्या वाढवतात, प्रत्येकाला वेगळी बाथरूम आणि वेगळा टीव्ही, आणि मग सगळे आपापल्या खोलीत बसतात. लॉजचा धडा उलटा आहे : झोपायच्या खोल्या लहान, बैठक मोठी. गुडघे दुखणाऱ्यांची खोली रस्त्याच्या पातळीवर, मुलांची सगळ्यांत खाली. शेगडी बांधायचीच तर स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मध्ये बांधा. डिसेंबर-जानेवारीत ती ऊब देईल, पण तिचं खरं काम जुलैमध्ये ओले कपडे आणि ओल्या भिंती वाळवणं हे आहे. आणि एक खोली नकाशात नेहमी उरलेल्या कोपऱ्यात जाते : घर सांभाळणाऱ्या कुटुंबाची. मालक वर्षाला तीस दिवस राहतो, ते कुटुंब तीनशे पासष्ट. ज्या भिंतीला सर्वांत जास्त ओल येते तिच्याशी त्यांची खोली लावायची, हे मला मान्य नाही, आणि या पुस्तकातल्या एकाही आराखड्यात ते नाही.

शेवटी, जे लिहिणं अवघड गेलं ते. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये, १९ जुलै २०२३ ला खालापूर तालुक्यातली इरशाळवाडी : तिन्ही वस्त्यांवर दरड कोसळली. तळियेवर दरड आली ती महाबळेश्वरच्या त्या ५९४ मिलिमीटरच्याच पावसात. या वस्त्यांतली माणसं तिथं दृश्यासाठी राहत नव्हती. त्यांची शेतं, गुरं आणि आधीच्या पिढ्या तिथं होत्या. आपण मात्र निवड करून तिथं जातो. म्हणून आपल्यावरची जबाबदारी जास्त आहे, आणि ती फक्त स्वतःच्या घरापुरती नाही. आपण वर जे पाणी वळवतो, जो शोषखड्डा खणतो, जी माती खाली लोटतो, ती खालच्या कुणाच्या तरी घरामागे जाते. बुंध्याशी कोयत्यासारखी वाकलेली झाडं, कललेले विजेचे खांब, जमिनीतली नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा ही सरकत्या उताराची लक्षणं आहेत. ती दिसली तर माझा सल्ला डिझाइनचा नसतो. तिथं बांधू नका, एवढाच असतो.

या पुस्तकात सजावटीवर प्रकरण नाही. खर्चाचे आकडेही नाहीत. ते छापून येईपर्यंत शिळे होतात. आहे ते जागा पाहण्यापासून छपराच्या शेवटच्या पन्हळीपर्यंतचं काम, ज्या क्रमानं ते करायला हवं त्या क्रमानं. ज्या गवंड्यांनी, सुतारांनी आणि कौलं शाकारणाऱ्यांनी मला चुका दाखवल्या, त्यांचं हे पुस्तक माझ्याइतकंच आहे. त्या आजींच्या कुटुंबाला तो प्लॉट जुलैमध्ये दाखवला, तेव्हा ठरवलेल्या बैठकीच्या जागेतून ओढा वाहत होता. घर तीस मीटर बाजूला, सोंडेवर सरकलं. ते आजही तिथं आहे आणि ओढाही आपल्या जागी आहे.

वाचकाला एवढीच विनंती : पहिलं प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटा आणि जुलैमध्ये, पाऊस लागलेला असताना, एक अख्खा दिवस आपल्या जागेवर उभे राहा. पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, ते कागदावर काढा. दुसरं प्रकरण त्यानंतर वाचा.